कुरोड्यांशेजारी वाळत घातलेला कॅनडा

दुपारी तीन वाजता मी गच्चीवर गेले तेव्हा गव्हाच्या कुरोड्या खडखडीत वाळल्या होत्या, आणि त्यांच्या शेजारी त्याच जुन्या पातळावर पसरलेल्या जावयाच्या गाण्यांच्या अकरा तबकड्या वाकल्या होत्या. एकही सुटली नव्हती. कोणाची कड वर आली होती, कोणी मधून पोटासारखी फुगली होती. एक तर चारी बाजूंनी वळून पळसाचा द्रोण झाली होती. तिच्यात पाणी ओतलं असतं तर चिमण्या पिऊन गेल्या असत्या.

मी ती द्रोण झालेलीच उचलली. गरम होती आणि मऊ होती. मला वाटलं, गार केली की सरळ होईल. तशीच जिना उतरले आणि ती कूलरच्या टाकीत बुडवली. सरळ काही झाली नाही, होती तशी कडक झाली. ती जावयाची सगळ्यात लाडकी होती, हे नंतर कळलं. अकरा पडल्या होत्या, हाताला लागली ती नेमकी तीच.

जावई अमरावतीला राहतो. नांदगाव पेठेच्या एका कापड कारखान्यात मशीन दुरुस्तीवर आहे. पन्नाशीला आला. दारू नाही, खर्रा नाही, पत्ते नाहीत. नाद एकच, कॅनडाचे बँड. तिकडची गिटारवाली, ढोलवाली, केस वाढवलेली माणसं. पहिल्या दिवाळसणाला आला तेव्हा टेप घेऊन आला आणि माझ्या घरात त्याने ते लावलं. मी स्वयंपाकघरातून ओरडून विचारलं, मिक्सरमध्ये काही अडकलं का. मुलीने मला चिमटा काढला. तेव्हापासून वीस वर्षं तो मला समजावतो आहे आणि मी समजून घेत नाही.

"अमेरिकेचे नाहीत आई हे, कॅनडाचे हायेत," हे त्याचं पहिलं वाक्य. कोणी त्या गाण्यांना अमेरिकेचं म्हटलं की त्याच्या अंगाची लाही होते. मी एकदा विचारलं, दोन्ही शेजारीच ना, मग काय फरक पडतो? तर म्हणाला, "आई, अमेरिका म्हणजे पुणं समजा. अन् कॅनडा म्हणजे आपलं वऱ्हाड. पुण्याचे लोक आपल्याले नागपूरचे समजतात, तुमाले चालते का?"

मी म्हटलं, "तिथं कापूस होते का?"

"नाही, बर्फ असते."

"मंग कायचं वऱ्हाड?"

तेवढ्यावर गप्प बसेल तर तो जावई कसला. कोणत्या बँडमध्ये भाऊ-भाऊ होते, कोणत्या गावाला आठ महिने थंडी असते, कोणत्या तबकडीची एक अख्खी बाजू म्हणजे एकच गाणं आहे. मी चौथी शिकले. इंग्रजीचं अक्षर येत नाही. मी त्या तबकड्या कव्हरवरच्या चित्रांनी ओळखायचे: बर्फातला तारेचा खांब, तळ्याकाठची रिकामी खुर्ची, धुळीने माखलेला ट्रक. खांबवाल्या बँडचा गिटारवाला वारला त्या दिवशी जावई जेवला नाही. माझ्या नवऱ्याच्या तेरवीला हाच माणूस वांग्याच्या भाजीत मीठ कमी आहे म्हणून वाटी पुढे करत होता. मी ते विसरले नाही.

त्या अकरा जमवायला त्याला चौदा वर्षं लागली. कारखान्यातल्या एका साहेबाचा मुलगा तिकडे असतो, तो सुटीत येताना एखादी आणायचा. एखाद्या वर्षी तीही नाही. यंदा चैत्रात त्यांच्या घरी फरश्या बदलायला काढल्या. फरशी कापताना धूळ उडते, ती तबकड्यांना चालत नाही. म्हणून खोका मांडीवर घेऊन जावई अमरावतीहून अकोल्याला बसने आला. वरच्या फळीवर ठेवला नाही. वाजवायचं यंत्र पायाशी धरलं. माझ्या दोन खोल्यांतल्या पुढच्या खोलीत खोका ठेवला आणि सूचना द्यायला लागला.

अर्धा तास. उभ्या ठेवा, आडव्या नको. बोट लावू नका. खोक्यावर काही ठेवू नका. मग कोणती पहिली, कोणत्या तबकडीनंतर गाणारा भांडून निघून गेला. भाजीची फोडणी करपत होती. मी उठून आत गेले. तो दारातून सांगत राहिला, मी आतून "हो, हो" म्हणत राहिले.

पुढच्याच खोलीत कूलर आहे. अकोल्याच्या उन्हाळ्यात कूलर बंद करून कोणी कॅनडाचा खोका सांभाळणार नाही, निदान मी नाही. महिनाभर त्या गार ओल्या वाऱ्याने कव्हरं मऊ पडली, वर पांढरी बुरशी धरली, वास यायला लागला. त्यात यंदा अधिक महिना ऐन उन्हाळ्यात आला. म्हणजे जावयाला धोंड्याचं जेवण घालणं आलं. तो आला की खोका उघडणार, बुरशी पाहणार, आणि मला बुरशीवर अर्धा तास ऐकवणार. आमच्याकडे ओल लागलेल्या वस्तूला एकच औषध, ऊन. गाद्या, तुरीची डाळ, पोथ्या, सगळं आम्ही उन्हात टाकतो. कुरोड्या घालायच्याच होत्या. मी खोका वर नेला, तबकड्या काढल्या, कव्हरं वेगळी ठेवली, ओळीने मांडलं. खाली येऊन अनारशाचं पीठ मळलं, जेवले, आडवी झाले.

कव्हरांना ऊन मानवलं. बुरशी पार गेली.

सगळ्यात जास्त राग मला माझा आला. कुरोडी उन्हात आणि पापड सावलीत, हे मी गल्लीतल्या किती बायकांना शिकवलं असेल. पापडाला कडक ऊन लागलं की तो वाकतो. हातात पातळ, गोल, सपाट वस्तू होती आणि तरी मला पापड आठवला नाही.

मुलीला फोन केला.

"वाकल्या म्हणजे काय वं माय?"

"वाकल्या म्हणजे वाकल्या. पापड वाकते तशा."

"कितीक?"

"अकरा."

ती म्हणाली, "त्यायले नको सांगू. माकडं आले होते म्हण."

"माकडायनं खोका उघडला, कागदातून काढल्या, पातळ अंथरलं अन् ओळीनं वाळू घातल्या?"

"मंग चोरी झाली म्हण."

"चोरानं वाकवून परत ठेवल्या? मी या वयात खोटं बोलणार नाही. अन् तेही ढोल-गिटारीपायी."

तर ती रडायला लागली. मला फोनवरचं रडणं सहन होत नाही, ठेवताही येत नाही. "त्यायले दुसरं काय हाय वं माय? बारा-बारा घंटे त्या मशीनीच्या आवाजात रायतेत. घरी येतेत तर कोणाशी बोलत नाहीत. एक बाजू लावतेत, डोळे मिटतेत, ते झालं की मंग माणसात येतेत. लेकराले विचारतेत, मले विचारतेत. ते नसलं तर काय होईन?"

वीस वर्षांत त्याने मला शंभर गोष्टी सांगितल्या, ही नव्हती सांगितली. मी म्हटलं, दारू प्याला असता तर बरं झालं असतं, ती उन्हात वाकत नाही. मुलीने फोन ठेवला. रात्री तिचा निरोप आला: निदान जेवण झाल्यावर सांगजो, धोंडे तरी खाऊ दे.

चार दिवसांनी दोघं आली. अधिक महिन्यात जावई म्हणजे विष्णू. त्याला पाटावर बसवायचं, पाय धुवायचे, ओवाळायचं, पुरणाचे धोंडे वाढायचे आणि ताटात दिवा लावून तेहतीस अनारसे द्यायचे. मी तांब्या हातात घेतला. तो पाटावर बसला आणि दर अधिक महिन्यात म्हणतो तेच म्हणाला: "आई, तुमचे अनारसे तेहतीस, अन् आमची रेकॉर्डही मिनिटाले तेहतीस फेरे घेते. वर एक तृतीयांश."

त्यावर माझं उत्तर ठरलेलं आहे, तेवढा तुकडा तुमच्या आईले मागा. या वेळी ते तोंडातून निघालं नाही. मी तांब्या खाली ठेवला.

"जवाईबुवा, पाय धुवायच्या आधी सांगते. तुमच्या रेकॉर्डी मी उन्हात वाळू घातल्या. साऱ्या वाकल्या. आता सांगा, धुवू का नको?"

"माय!" मुलगी स्वयंपाकघराच्या दारातून ओरडली. हातात झारा.

तो उठला. खोका उघडला. एकेक काढून डोळ्यासमोर आडवी धरली, मशीनचा दांडा सरळ आहे का पाहतात तशी, आणि पलंगावर ठेवत गेला. शेवटी द्रोण निघाला. बर्फातल्या खांबाचा.

"ही पाण्यात टाकली का?"

"कूलरच्या टाकीत."

तो ती मांडीवर घेऊन बसला. मग म्हणाला, "उन्हाचं सांगितलं होतं आई मी."

"सांगितलं असंन. तुमी अर्धा घंटा सांगता. त्यात उन्हाचं कुठी होतं?"

"शेवटी."

"मंग सुरुवातीले सांगायचं."

मुलगी म्हणाली, माय, तू गप बस. मी बसले. रडला असता तर पाणी दिलं असतं, ओरडला असता तर मीही ओरडले असते. नुसत्या गप्प माणसाचं काय करायचं ते मला कोणी शिकवलं नाही. काही वेळाने त्याने मोबाइल काढला आणि बघत बसला. दोन काचांमध्ये तबकडी ठेवून ओव्हनमध्ये गरम करतात, मग दाबून गार करतात, असं त्यात दाखवत होते.

"ओव्हन लागते," तो म्हणाला.

"ओव्हन कायले? वर काय तापून राहिलं? मऊ होईस्तोवर ऊन, मंग सावली अन् वजन. वाकल्या पापडाचं मी जन्मभर तेच केलं. आधी जेवा."

मी पाय धुतले. पाणी जरा जोरातच ओतलं. त्याने दोन धोंडे खाल्ले, अनारशांना हात लावला नाही.

त्याने दोन दिवसांची रजा टाकली. शोकेसच्या दोन काचा मी काढून दिल्या. दुपारी डोक्याला ओला दुपट्टा बांधून आम्ही दोघं गच्चीवर. काचांमध्ये तबकडी धरून उन्हात ठेवायची, मऊ झाली की काचांसकट जिन्याच्या सावलीत न्यायची आणि वर पाटा ठेवायचा. तो घड्याळ बघायचा, मी काचेला हात लावून सांगायचे. तो म्हणे अजून तीन मिनिटं, मी म्हणे आत्ता. एक त्याच्या घड्याळाने गेली, एक माझ्या हाताने. आणि प्रत्येक तबकडीला तिची गोष्ट सुरू. काच दोघांनी धरलेली, जिना अरुंद. फोडणीला उठून जायची सोय नव्हती. तो भांडून गेलेला गाणारा पुढे परत आला, आणि परत आल्यावरची तबकडी आधीपेक्षा वाईट निघाली, हे मी अकोल्याच्या उन्हात उभं राहून शेवटपर्यंत ऐकलं.

संध्याकाळी तो यंत्रावर लावून बघायचा. चार तबकड्या सरळ निघाल्या. तिघींवर सुई नावेसारखी वर-खाली होते आणि गाणं कण्हतं. मी म्हटलं, मला तर पहिल्यासारखंच वाटते.

"आई," तो म्हणाला, "तुमी नका बोलू."

उरलेल्या तिघींवर सुई टिकलीच नाही. द्रोण त्याने शेवटी ठेवला होता. दुसऱ्या दिवशी ऊन उतरायला लागलं तेव्हा म्हणाला, ही राहू द्या. मी म्हटलं, ठेवून काय तिच्यात वरण वाढणार आहात? आणा इकडे. तिला दुपटीने ऊन दिलं. सावलीत आणली. पाटा मी ठेवला, हळू ठेवला. टक् असा आवाज आला.

"फुटली," मी म्हटलं.

"फुटली," तो म्हणाला.

त्याने दोन्ही तुकडे बर्फातल्या खांबाच्या कव्हरात घातले. तिसऱ्या दिवशी सकाळच्या बसने दोघं गेले. खोका पुन्हा मांडीवर. अनारसे मुलीने डब्यात नेले. मी बसपर्यंत सोडायला गेले तर खिडकीतून तो म्हणाला, पुढच्या वेळी सूचना लिहून देईन. मी म्हटलं, मराठीत लिहा, आणि उन्हाचं वर लिहा. पण पुढची वेळ येणार नाही. त्यांच्या फरश्या बसल्या आणि खोका माझ्याकडे तो परत ठेवणार नाही, हे दोघांना माहीत आहे.

मुलगी सांगते, कारखान्यातून आल्यावर तो आता चारच आळीपाळीने लावतो आणि चारांतही माणसात येतो. जरा जास्त वेळ लागतो. नवीन आणायला साहेबाच्या मुलाला सांगितलंय. मला फोनवर त्या नवीन बँडची माहिती द्यायला घेतो. मी फोन लाउडस्पीकरवर ठेवून भाजी निवडते, पण शेवटपर्यंत ठेवते. शेवटी काही कामाचं असेल तर.

अकरा तबकड्यांतल्या चार धड राहिल्या. मुलगी, जावई आणि मी, तिघंही धड आहोत.