वार सांगणारा

तो गेल्याची बातमी मला आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर कळली. घोडबंदर रोडवरच्या आमच्या टॉवरमध्ये कुणाचं मांजर हरवलं तरी दिवसभर फोन वाजत राहतो, मग एवढा मोठा नेता गेल्यावर काय विचारता. जोडलेले हात, पणत्या, फुलं. आणि प्रत्येकाच्या मेसेजात तीच एक गोष्ट. या माणसाला कुठलीही तारीख सांगा, तो तिचा वार सांगायचा. तुमचा जन्म, तुमच्या आजोबांचं लग्न, दोनशे वर्षांपूर्वीची एखादी लढाई, काहीही. क्षणभर डोळे मिटायचा आणि म्हणायचा, बुधवार. काय बुद्धी, असा माणूस पुन्हा होणे नाही. याच ग्रुपवर मागे याच लोकांनी त्याच्यावरचे विनोद फिरवले होते. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ते उगाच नाही.

मी कुणालाच उत्तर दिलं नाही. माझा मोठा भाऊ त्या माणसाच्या कारकिर्दीत झालेल्या युद्धात गेला, हे ग्रुपवर कुणाला ठाऊक नाही आणि मला ते सांगायचंही नव्हतं. दादा सैन्यात होता. एका चौकीवर होता. वाटाघाटी संपेपर्यंत चौकी सोडायची नाही असा थेट वरून आदेश होता. वाटाघाटी संपल्या तोवर चौकी सोडून यायला तिथे कुणी उरलं नव्हतं. पुढे करार झाला आणि ती चौकी त्यात कुणाच्याच वाट्याला आली नाही. नकाशात ती आता नुसती मोकळी जागा आहे.

थोड्या वेळानं डोंबिवलीहून आईचा फोन आला. टीव्हीची वायर काढून ठेवली आहे, पेपरवाल्याला उद्या येऊ नको म्हणून सांगितलं आहे, तू ये, एवढंच ती म्हणाली. मी ऑफिसात कळवलं आणि गाडी काढली. माणकोलीच्या पुलापर्यंत पोचायलाच जीव गेला, आणि तिथून पुढे प्रत्येक नाक्यावर त्याचे हार घातलेले फोटो लागायला सुरुवात झाली होती. इतक्या लवकर एवढे फ्लेक्स कसे छापून होतात मला कळत नाही. आधीच छापून ठेवत असावेत.

आईला टीव्ही का बंद करावा लागला हे समजायचं तर बाबांबद्दल सांगायला हवं. बाबा मराठीचे शिक्षक. बोर्डाचे पेपर तपासण्यात त्यांची कित्येक वर्षं गेली आणि तो लाल पेन त्यांच्या डोक्यातच जाऊन बसला. ते माणसांना दहापैकी गुण द्यायचे. प्लंबरला सात. समोरच्या डॉक्टरांना सहा. माझ्या नवऱ्याला लग्नात पाच दिले होते, वर शेरा मारला होता, वाढीस वाव आहे. आईच्या आमटीला कधी सात, कधी साडेसात. दहा मात्र कुणालाच नाही. दहा दिले की माणूस बिघडतो, असं त्यांचं ठाम मत होतं.

त्या नेत्याला त्यांनी आठ दिले होते. कल्याणला त्याची सभा झाली तेव्हा बाबा खास ऐकायला गेले, आणि लोक तारखा विचारायला लागल्यावर यांनीही उभं राहून दादाची जन्मतारीख विचारली. त्यानं डोळे मिटले आणि सांगितलं, शुक्रवार. बरोबर होतं. बाबा घरी आले ते लहान मुलासारखे खुशीत. एवढ्या मोठ्या माणसाच्या तोंडून आपल्या मुलाचा वार निघाला, याचंच त्यांना कोण अप्रूप.

दादा तेव्हा कॉलेजात होता. त्याच आठवड्यात आम्ही भावंडं खडवलीला नदीवर गेलो होतो. पाण्यात पाय सोडून बसलेला असताना तो हसायला लागला. मला म्हणाला, "अगं, त्यात काय एवढं, सूत्र आहे ते. शतकाचा एक आकडा, महिन्याचा एक आकडा, बेरीज करायची आणि सातनं भागायचं. कुणालाही येतं. ह्याला हुशारी म्हणतात होय?" मग मी सांगेन त्या तारखेचा वार त्यानं तिथल्या तिथे सांगून दाखवला. घरी आल्यावर त्यानं हे बाबांनाही करून दाखवलं. बाबांनी त्याला साडेसहा दिले. आई तेव्हा म्हणाली होती की जगात आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं असतं, आमच्याकडे सगळंच उलटं.

युद्धानंतर बाबांनी गुण देणंच बंद केलं. आमटीलासुद्धा. घरात त्या माणसाचं नाव निघत नसे. आईनं मात्र एकदाच, टीव्हीवर तो दिसला तेव्हा, हातातली कोथिंबीर निवडता निवडता पडद्याकडे बघून म्हटलं होतं, "जन्माचा वार सांगितलास, आता दुसरा सांग."

मला मात्र निकाल हवा होता. माझा स्वभाव बाबांवर गेला आहे. तो माणूस मठ्ठ होता की पाताळयंत्री, एवढंच मला ठरवायचं होतं. मठ्ठ असेल तर माझा भाऊ एका माणसाच्या बावळटपणापायी गेला. हुशार असेल तर त्याला सगळं माहीत होतं, आणि माहीत असून त्यानं दिल्लीत बसून उंटावरून शेळ्या हाकल्या. यातलं अधिक वाईट काय हे मला आजही सांगता येणार नाही. निवृत्त अधिकाऱ्यांची पुस्तकं वाचली, जुने अंक काढले, टीव्हीवरच्या चर्चा रात्र रात्र ऐकल्या. सगळं वरातीमागून घोडं. युद्ध संपल्या संपल्या लोकांनी त्याला दगड ठरवून निवडणुकीत पाडलं. काही वर्षांनी तोच साधा आणि सज्जन झाला. पुढच्या लोकांची तऱ्हा बघून मग तो मुत्सद्दी झाला, आणि शेवटी शेवटी तर द्रष्टा. त्यानं यात नवीन काहीच केलं नव्हतं, तो नुसता म्हातारा होत होता. मला त्याचा राग येतो. तो मेला तरी येतो.

मागच्या वर्षी बाबांना कल्याणला एका डॉक्टरांकडे नेलं. विसरायला लागले होते. डॉक्टर तरुण आणि गोड बोलणारे होते. त्यांनी विचारलं, आजोबा, आज वार कोणता? बाबांनी डोळे मिटले. खूप वेळ मिटलेलेच ठेवले. मग उघडून म्हणाले, तुम्हीच सांगा. साल सांगता आलं नाही. सध्या देश कोण चालवतं, असं विचारल्यावर मात्र त्यांचा चेहरा उजळला आणि त्यांनी त्याचंच नाव घेतलं, वर डॉक्टरांना ऐकवलं की फार हुशार माणूस आहे, आठ गुण. तपासणीत त्यांना तीसपैकी अकरा मिळाले. जन्मभर लोकांचे पेपर तपासणाऱ्या माणसानं गाडीत बसल्यावर मला विचारलं, मला किती? मी म्हटलं, पास झालात.

त्याच गाडीत, पत्री पुलावर अडकलेलो असताना, ते म्हणाले की गणपतीला दादाला रजा मिळेल असं वाटतं. तेव्हा मला कळलं की बाबांच्या डोक्यात कुठलं साल चालू आहे. युद्ध अजून व्हायचं होतं.

मी त्यांना घरी नेऊन खरं ते सांगितलं. खोटं बोलायचं नाही असं त्यांनीच शिकवलेलं. ते असे रडले की वरच्या मजल्यावरचे लोक खाली आले. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना त्यांनी पुन्हा विचारलं, दादाचं पत्र आलं का. मी तोंड उघडणार तेवढ्यात आईनं मला स्वयंपाकघरात ओढून नेलं. "एकदा गेलाय तो," ती म्हणाली. "तू त्याला रोज नको मारूस."

तेव्हापासून बाबांची सकाळ एकाच प्रश्नानं सुरू होते. युद्ध होईल का गं? आणि उत्तरही तेच देतात. तो हुशार माणूस आहे, होऊ देणार नाही. आई समोर चहा ठेवते. त्यांच्या शर्टाचं बटण लावते. हो मात्र म्हणत नाही. तेवढा एक शब्द तिनं कधी दिलेला नाही, मी पाहिलं आहे. आणि मला वाटतं ते बरोबरच आहे.

तर त्या दिवशी काम एवढंच होतं की बाबांना कळता कामा नये. ज्या माणसाच्या भरवशावर त्यांचा मुलगा अजून जिवंत होता, तो माणूस गेला होता.

मी पोचले तेव्हा बाबा टीव्हीसमोर बसले होते. टीव्हीला काय झालं, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, लाईट गेले आहेत. त्यांनी मान वर करून फिरणाऱ्या पंख्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. एके काळी यावर मला दोन गुण मिळाले असते.

दुपारपर्यंत निभावलं. मग बेल वाजली. दारात आमच्या वॉर्डातला एक कार्यकर्ता, पांढरा कुर्ता, दंडाला काळी फीत. संध्याकाळी चौकात शोकसभा आहे, हुतात्म्याचे वडील म्हणून काकांना व्यासपीठावर बसवायचं आहे, गाडी पाठवतो, असं तो सांगायला लागला. मी दार पुढे ओढून घेतलं. हळू आवाजात म्हटलं की त्यांची तब्येत बरी नाही, त्यांना यातलं काही सांगायचं नाही. त्यानं मान हलवली. ऐकून घेतल्यासारखी. आणि माझ्या खांद्यावरून आत बघत मोठ्यानं म्हणाला, "काका, साहेब गेले हो आपले."

पालथ्या घड्यावर पाणी. मी दार लावलं, पण व्हायचं ते झालं होतं.

बाबांनी आधी विचारलं, कोण साहेब. मग त्यांचं त्यांनाच उमगलं, कारण त्यांच्यासाठी साहेब एकच होता. ते उठले आणि चपला शोधायला लागले. पोस्टात जायला हवं, म्हणाले, दादाला तार करायला हवी, असशील तिथून निघून ये म्हणावं. एक चप्पल सापडली, दुसरी सापडेना. ते खाली वाकून सोफ्याखाली चाचपडत होते. "आता युद्ध कोण थांबवणार?" ते मला विचारत होते. "सांग ना, कोण थांबवणार?"

माझ्या ओठांवर सगळं आलं होतं. कसला थांबवतोय तो, बाबा. त्याला नुसते वार सांगता यायचे, आणि ते आपल्या दादालाही यायचे. इतक्या वर्षांत मी तपासलेला अख्खा पेपर त्यांच्यासमोर टाकावा असं मला वाटलं. मी बोललेही असते.

आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. हाताला कणीक होती. ती बाबांच्या शेजारी जमिनीवर बसली. गुडघे दुखतात म्हणून ती खाली बसत नाही, पण बसली.

"अहो, ते नाही गेले. दुसरे कुणीतरी. तो माणूस चुकून आपल्याकडे आला."

"नक्की?"

"नक्की."

बाबा तिच्या तोंडाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "हुशार आहे ना गं तो? होऊ नाही ना देणार?"

"हो," आई म्हणाली. "फार हुशार आहेत. नाही होऊ देणार."

"किती देशील त्याला?"

"दहा."

ती क्षणभरही थांबली नाही. मी भिंतीला टेकून उभी होते आणि मला ते ऐकवत नव्हतं. बाबांच्या चेहऱ्यावर मात्र जुना मास्तर परत आला. "दहा कुणालाच द्यायचे नसतात," ते म्हणाले. "आठ पुरेत."

"बरं. आठ," आई म्हणाली. मग तिनं सोफ्याखालची दुसरी चप्पल काढून दोन्ही जागेवर नेऊन ठेवल्या आणि पोळ्या करायला गेली.

संध्याकाळी चौकातले कर्णे सुरू झाले. मी गॅलरीचं दार लावायला धावले, पण बाबा आधीच बाहेर खुर्चीत जाऊन बसले होते. दोन-तीन भाषणं झाली, त्यातलं त्यांना काही कळलं नसावं. मग चौकातल्या लोकांनी जुन्या सभेची टेप लावली आणि त्याचाच आवाज आला. बाबा ताठ बसले. "बघ," ते म्हणाले, "तोच आहे. सभा चाललीय त्याची." टेपवर लोक तारखा विचारत होते. क्षणभर शांतता व्हायची, मग तो वार सांगायचा, मग टाळ्या. बाबाही टाळ्या वाजवत होते. मुलगा सुखरूप असलेल्या माणसासारखे दिसत होते.

आई पदराला हात पुसत येऊन त्यांच्या शेजारी उभी राहिली. बाबांनी तिचा हात धरला.

"तू पण विचार ना एखादी तारीख," ते म्हणाले. "लगेच सांगेल तो."

आईनं चौकाच्या दिशेनं पाहिलं. एक तारीख तिच्याकडे इतकी वर्षं तयार होती.

"नको," ती म्हणाली. "मला काही विचारायचं नाही."

टेप संपेपर्यंत ती तशीच त्यांचा हात धरून उभी राहिली.