जपानी गाण्याची दुसरी बाजू

जरा जवळ सरकून बस. हो, कागदाच्याच जवळ. मी बोलते तसंच लिहिते, लांबून ऐकू यायचं नाही. आणि आधी माझी बोलणी खा. तुझ्या फोनच्या मशीनवर मी निरोप ठेवते, ते तू न ऐकताच पुसून टाकतेस, हे कळलंय मला. "मावशी, तू दर वेळी तेच तर बोलतेस," म्हणे. तेच बोलते गं. तरी पुसत जाऊ नकोस. का, ते सांगते.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. मी नुकतीच इथे अमेरिकेत, सनीव्हेलला लेकाकडे आले होते. तो आणि सून कामावर गेले की मी आणि भिंती. खालच्या मजल्यावर एक जपानी बाई राहायची, सत्तरीची, एकटी. नवरा जाऊन तीन वर्षं झालेली. तिचं इंग्रजी बरं, माझं मोडकं, पण घाई दोघींनाही नव्हती. मी एकदा वाटीभर शिरा नेऊन दिला, तर दुसऱ्या दिवशी वाटीत दोन संत्री घालून ती दारात. "रिकामं भांडं परत देत नाही आम्ही," म्हणाली. म्हटलं, आमच्यातही तेच. मग ती वाटी वर्षभर वर-खाली करत राहिली. रिकामी अशी कधी आलीच नाही.

तिच्याकडे एक कॅसेट होती. प्रेमाचं एकच गाणं, पाच तऱ्हांनी केलेलं, तिनं रेकॉर्डवरून भरून घेतलेलं. आधी मूळ गाणं, एका बाईचं. मग एक घोगऱ्या गळ्याचा बाप्या, मग एक जोडी, मग ड्रम बडवणाऱ्या पोरी, शेवटी नुसतीच गिटार. बोट निघून गेली तरी धक्क्यावर हात हलवत उभी राहणारी बाई, तिचं गाणं. त्या पोरींवर ती फार चिडायची.

"बोट परत येणार नाही, हे कळलंच नाही यांना. नाचतायत बघ."

"मला तर याच आवडतात. ठेका आहे."

"तू त्यांच्यातलीच."

एकदा तिनं ती कॅसेट मला आठवडाभर दिली. आता परत करायची, तर रिकामी कशी करू? त्या चालीवर मी मराठी शब्द बसवले. बोट काढून एसटी घातली, धक्क्याच्या जागी आमचा फाटा. कॅसेटची दुसरी बाजू लावून पाहिली, मिनिटभर नुसती खरखर. कोरी दिसते, म्हटलं. त्या बाजूचा कडेचा प्लास्टिकचा तुकडा मोडलेला होता. वर दुसरं काही भरलं जाऊ नये म्हणून माणसं तो मोडून ठेवतात, हे मला ठाऊक होतं. पण आपण काय करायचो? भजनांच्या जुन्या कॅसेटला तिथे चिकटपट्टी लावायचो आणि तुम्हा पोरांची बडबडगीतं भरायचो. तशीच चिकटपट्टी मी लावली आणि गायले. एकदा बरं आलं नाही म्हणून पुढे लागोपाठ आणखी दोनदा गायले.

वाटीत बेसनाचे लाडू घालून खाली गेले. "दुसरी बाजू लाव," म्हटलं. पहिल्या ओळीला ती हसली. मग हसू तोंडावर तसंच राहिलं आणि हात मशीनकडे गेला. टेप पुढे ढकलली. माझा आवाज. आणखी पुढे. माझाच आवाज. माझं गाणं संपलं, आणि एका पुरुषाचा आवाज आला. साथ नाही, काही नाही. गाण्याची शेवटची ओळ, एक खोकला, आणि बंद.

"लाजायचा तो," ती म्हणाली. "बटण दाबून बराच वेळ गप्पच बसला होता."

हॉस्पिटलात जायच्या आदल्या दिवशी नवऱ्यानं तिच्यासाठी ते गाणं म्हणून ठेवलं होतं. त्याचा आवाज दुसरीकडे कुठेच नव्हता.

मी सॉरी म्हटलं. कितीदा म्हटलं कुणास ठाऊक. ती उठली, वाकली, आणि गाण्याबद्दल तिनं माझे आभार मानले. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

लेकाला कॅसेटबद्दल विचारलं. दिवसभर कॉम्प्युटरशी झटणारा माणूस, त्याला काहीतरी जमेल असं वाटलं. "आई, ओव्हरराइट झालं की गेलं," म्हणाला. तिसऱ्या दिवशी दारापाशी वाटी ठेवलेली दिसली. घासलेली, पुसलेली. रिकामी.

मग बिल्डिंगच्या लॉन्ड्रीत भेटलो की ती मान हलवायची, मी मान हलवायचे. थंडीत तिची मुलगी तिला आपल्या गावी न्यायला आली. खोकी ट्रकमध्ये चढत होती, तेव्हा धीर करून मी खाली गेले. कॅसेट नेतेस ना, विचारलं.

"नेते. ऐकत नाही," म्हणाली. "तो येईपर्यंत तू गात असतेस."

पत्ता मी मागितला नाही, तिनं दिला नाही. अजून पोळ्या लाटताना ती चाल ओठांवर येते, आणि मी तोंड मिटून घेते.

तर मशीनवरचं राहू दे, तुला हवं ते कर. पण या सुट्टीत प्लेनोहून इकडे ये. समोर बसून तेच तेच बोलायचंय मला. काही आणू नकोस येताना. वाटी मी भरून देईन. लवकर ये.