सात लाख सव्वीस हजार चारशे सदतीस

लग्न होऊन मी भिलाईला आले तेव्हा कारखान्याचं बांधकाम अर्धंच झालं होतं आणि क्वार्टरमधल्या भांड्याकुंड्यांवर दिवसभर लाल धूळ बसायची. घरात आम्ही तिघंच: हे, मी आणि मामाजी. मामाजी म्हणजे माझे सासरे, वर्ध्याकडच्या शाळेतून निवृत्त झालेले गणिताचे मास्तर. थोरले दीर मी पाहिलेच नाहीत. माझ्या लग्नाआधी दोन वर्षं, सायकलनं ड्यूटीवर जाताना ते ट्रकखाली गेले.

त्या सकाळी निघताना त्यांनी वडिलांना एक संख्या लिहून दिली होती, ७२६४३७. संध्याकाळपर्यंत हिचे भाजक काढून ठेवा, असं हसत सांगून गेले. बापलेकांचा तो जुनाच खेळ.

तेरावं झाल्यावर मामाजी वही घेऊन बसले. दोन, तीन, पाच, सात, अकरा, अशा एकेका मूळ संख्येनं भागत गेले. आठशे बावन्नपर्यंत, म्हणजे तिच्या वर्गमूळापर्यंत, कशानंच भाग गेला नाही, तर पुढे बघायची गरज नाही, संख्या मूळच, हे त्यांनी मला आल्या आल्या समजावलं होतं. दीडशेच्या आसपास भागाकार झाले, आणि प्रत्येकाखाली काही ना काही बाकी. पोरगा न फुटणारी संख्या देऊन गेला, माझी मस्करी केली त्यानं, असं ते सांगत. सांगताना त्यांचा चेहरा निवलेला असे.

पुढे मोतीबिंदूनं नजर गेली आणि त्यांना शंका येऊ लागली. मी मॅट्रिक झालेली. दुपारी ते मला वही तपासायला बसवत. मी नव्यानं भागाकार करून बाकी सांगायची. त्यांना सगळ्या पाठ होत्या.

सातशे एकोणचाळीसला खाली शून्य आलं. पुन्हा केलं. शून्यच. वहीत पाहिलं, तर शेवटच्या गुणाकारात त्यांनी हातचे दोन धरायच्या ऐवजी एकच धरला होता. २२१७ च्या जागी २२०७.

"किती उरले, सूनबाई?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते मान किंचित वाकडी करून ऐकत होते.

"दहा," मी म्हटलं.

"बरोबर. माझेबी दहाच होते. चाल समोर."

त्या हिवाळ्यात ते गेले. शेवटचे चार दिवस तापात कोणाशी तरी बोलत होते. "नाही फुटली रे," एवढंच कळायचं. मी कपाळावर ओली पट्टी ठेवत होते, तेव्हाही सांगता आलं असतं.

वर्षभरानं ह्यांना सांगितलं.

"दादा आदल्या दिवशी अंगणात बसून गुणाकार करून राहिला होता," हे म्हणाले. "मले वाटलं, हाफिसचं काम आहे."

सातशे एकोणचाळीस गुणिले नऊशे त्र्याऐंशी. दोन्ही मूळ. पोरानं उत्तर ठेवूनच प्रश्न विचारला होता, आणि ते बापापर्यंत पोचता पोचता मी अडवलं.

आता दुपारी घरात कोणी नसलं की कधीकधी स्पष्ट ऐकू येतं, किती उरले. तो आवाज मामाजींचा नसतो. तरण्या माणसाचा असतो, मी कधीच न ऐकलेला.