डबा वाजवला आणि ती आली

माझं डोकं तापट, हे माळशिरसच्या आमच्या भावकीत सगळ्यांना ठाऊक. पण दिराच्या डोक्यात मी डबा का घातला, ते कुणी विचारत न्हाय.

आदल्या उन्हाळ्यात डुकरांसाठी लावलेल्या फासकीत एक कोल्हीण अडकली. तारेनं पाय हाडापर्यंत कापलेला. मी तिच्या तोंडावर गोणपाट टाकलं आणि पकडीनं तार तोडली. सुटताना मेलीनं मनगटाला कडकडून चावा घेतला, मला इंजेक्शनं घ्यावी लागली. तरी मी रोज बांधावरच्या कुंडीत तिच्यासाठी पाणी ओतायचे आणि पत्र्याचा डबा तीनदा वाजवायचे. हळूहळू ती लंगडत यायला लागली, पावसाळ्यात दोन पिल्लं घेऊन. मी चार हात लांब बसलेली असायचे, ती निवांत प्यायची. लई बरं वाटायचं.

आमच्याकडं ऊसतोड संपत आली की शेवटचा तुकडा घेरतात. आत कोंडलेली जनावरं बाहेर पडतात, आणि माणसं काठ्या-कुत्री घेऊन उभी. डुक्कर मिळालं तर मटण, बाकीची नुसती हौसेनं मारायची.

यंदा आमचा फड घेरला तेव्हा मी दिराला म्हणाले, "भावजी, आत माझी कोल्हीण हाय. तिला जाऊ द्या."

"तुमची? बारसं कधी केलं, वहिनी?" सगळे फिदीफिदी हसले.

आधी डुक्कर निघालं. कुत्र्यांनी त्याचं पोट फाडलं, आतडी पाचटावर ओढत नेली. मग एक ससा, काठीच्या एका तडाख्यात गेला. मला वाटलं, कोल्हीण माझ्या पायाशी आली तर काठी कोण उचलेल? मी डबा वाजवला. तीनदा.

ती आली की! कुत्र्यांमधून सरळ माझ्याकडं. पायाशी थांबली, डब्याकडं बघायला लागली. दिराची काठी तिच्या कमरेत बसली, दुसरी डोक्यात. रक्त माझ्या पायांवर उडालं.

मी तोच डबा त्याच्या टाळक्यात हाणला. कान फाटला.

"येडी झालीस का? कोल्ह्यापायी?" दीर कान धरून ओरडला.

"व्हय, झाले!"

त्याला टाके पडले. कमीच पडले, मुडद्याला!

तिसऱ्या दिवशी तिची दोन्ही पोरं मोकळ्या रानात कुंडीपाशी येऊन बसली. त्यांना हाकलायला मी ढेकूळ फेकलं. एक पळालं. दुसरं दोन पावलं सरकलं आणि माझ्याकडं बघत परत बसलं. मग मी रडत रडत दगड उचलला आणि नेम धरून मारला.