डोळे बांधून एक फेरी

सर गेल्याचा फोन सकाळी आला. मी हार घेतला, धायरीहून बस धरली आणि कोथरूडला त्यांच्या मुलीच्या दारात पोचलो. मुग्धा म्हणाली, "आबा, देहदान केलं. आत्ताच गाडी गेली." खांदा नाही, अग्नी नाही. हातातला हार कुठं ठेवायचा ते कळेना... महिना होत आला, अजून कळत नाही.

मी पाणाड्या. तळहातावर नारळ आडवा ठेवून रान चालायचं आणि जिथं तो उभा राहील तिथं पाणी सांगायचं, हे माझं काम. शाळा चौथीपर्यंत, पण धायरीच्या निम्म्या विहिरी माझ्या शब्दावर खणल्यात. सर कॉलेजात तर्कशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. कंप्युटरच्या नोकऱ्या आल्या, आमच्या वावरांवर इमारती उठल्या, त्यातल्याच एकीत ते राहायला आले. नळ कोरडे, रोज टँकर. सोसायटीनं बोअरसाठी मला बोलावलं, तेव्हा सर सगळ्यांदेखत म्हणाले, "अहो, तो नारळ पाण्यामुळे नाही, तुमच्या मनगटामुळे उभा राहतो." मी म्हणालो, "मग तुमच्या मनगटानं करून दाखवा की!" शेवटी एक जागा माझी आणि एक त्यांनी आणलेल्या यंत्रवाल्याची, असं ठरलं. दोन्हीकडं नुसती धूळ निघाली. लोक चिडले, सर मात्र हसत माझ्याकडं आले. "चला आबा, चहा घेऊ. आज आपण दोघंही नापास."

तिथून आमचं जमलं. संध्याकाळी ते माझ्या ओट्यावर येऊन बसायचे. माणसाची बुद्धी कुठवर पोचते, हाच त्यांना आयुष्यभर पडलेला प्रश्न. म्हणायचे, "बुद्धीची हद्द बुद्धीनेच मोजायची, आबा. तराजूने तोच तराजू तोलायचा." मी म्हणायचो, "मग दुसरा आणा." "तोच तर नाही ना..." म्हणायचे. डोळे बांधून एकदा नारळ धरा, असं मात्र सारखं मागं लागायचे. मी ऐकलं नाही. मी काय सर्कशीतला हाय?

मग त्यांच्या पोटात कर्करोग निघाला. मुग्धानं त्यांना आपल्या घरी नेलं. डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा ती कुठल्याशा मठातून अंगारा घेऊन आली. सर लावू देईनात. ती मला म्हणाली, "आबा, तुमचं ऐकतील ते." मलाही आतून वाटत होतं, या माणसानं एकदा तरी बुद्धीपलीकडं हात जोडावेत. मी म्हणालो, "पोरीसाठी लावा." ते म्हणाले, "लावतो. आधी तुम्ही डोळे बांधून एक फेरी मारा."

मरणाऱ्या माणसाला नाही कसं म्हणणार? मुग्धाच्या इमारतीमागं मोकळी जागा होती. सर खुर्चीत बसले. मुग्धानं माझ्या डोळ्यांवर पंचा बांधला. नारळ उभा राहिला, तिनं तिथं वीट ठेवली. मग मला गरगर फिरवून पुन्हा सोडलं. नारळ पुन्हा उभा राहिला. पंचा सोडून बघतो, तर दोन विटा, एक या टोकाला, एक त्या.

"मी मनगट हलवलं नाही, सर."

"माहीत आहे. आपण खोटं बोलत नाही, आबा. तेच तर अवघड आहे."

मग त्यांनी मुग्धाला हाक मारली आणि कपाळ पुढं केलं. मी म्हणालो, "मी हरलो की. आता कशाला?"

"शब्द दिला होता. याने मी बरा होणार नाही. पण ही आज जेवेल."

त्यांनी अंगारा लावावा म्हणून मी हट्ट धरला होता. लावला, तर मला बघवेना.

परवा एकानं प्लॉटवर बोअरसाठी बोलावलं. नारळ उभा राहिला, मालक खुणेची फक्की टाकायला वाकला. मी म्हणालो, थांब. पंचा डोळ्यांवर बांधला आणि पुन्हा चाललो. हल्ली तसं केल्याशिवाय मला जागा सांगता येत नाही. नारळ भलतीकडंच उठला.

"आबा, नक्की कुठं?"

"नक्की मला माहीत नाही."

त्यानं फक्की खाली ठेवली. मग खिशातून मोबाइल काढून दुसऱ्या पाणाड्याला फोन लावायला लागला. नारळ उभा राहतो, हे मी आजही कोणाच्याही तोंडावर सांगेन. पण कशानं, यावर भांडायला आता सर... मी नारळ पिशवीत टाकला आणि चालत घरी आलो.