हद्दीपर्यंतचा रस्ता

आमची गल्ली जिथे आहे ती जमीन मुळात एका टेलरमास्तरांची. सगळे त्यांना नुसतं मास्तर म्हणतात. त्यामुळे नवे भाडेकरू त्यांना शाळेतले समजून मुलांच्या शिकवणीची चौकशी करायला जातात आणि पँट आखूड करून घेऊन परत येतात.

मास्तर उंच, काटकुळे. गळ्यात टेप आणि ओठांत टाचण्या. टाचण्यांमुळे त्यांचं निम्मं बोलणं अंदाजानंच समजून घ्यावं लागतं. तसा माणूस शांत. गिऱ्हाइकानं तोच कपडा तिसऱ्यांदा उसवायला आणला तरी "ठेवा इथं" एवढंच म्हणायचे. पण जमिनीपलीकडच्या रोपांच्या नर्सरीवाल्याचं नाव निघालं की टाचण्या हातात घेऊन स्वच्छ बोलायला लागायचे.

भांडण त्यांच्या वडिलांच्या वेळचं. दोन जमिनींच्या मधला हद्दीचा दगड एका सकाळी दोन हात अलीकडे सरकलेला दिसला. वडील म्हणाले, शेजाऱ्यानं सरकवला. शेजारी म्हणाला, दगड होता तिथेच आहे, तुमचीच नजर सरकलीय. मोजणीवाले दोनदा आले आणि दोनदा वेगवेगळं माप सांगून गेले. पुढे दोन्ही घरांत विळ्याभोपळ्याचं सख्य झालं. शेवटच्या आजारात वडील खाटेवरून विचारायचे, "दगड आला का रे जागेवर?" मास्तर म्हणायचे, "आला." मरत्या बापाशी शेवटचं बोलणं खोटं झालं, ही सल त्यांच्या मनातून गेली नाही, आणि त्याचा सगळा हिशोब त्या शेजाऱ्याच्या मुलाच्या, म्हणजे या नर्सरीवाल्याच्या नावावर जमा झाला.

गाव वाढत वाढत जमिनीपाशी आलं, तेव्हा मास्तरांनी तिचे प्लॉट पाडायचं ठरवलं. जमीन त्यांची आणि थोरल्या बहिणीची. अक्का टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झाल्या होत्या, यजमान गेले होते, आणि भावाजवळ येऊन राहायची त्यांची इच्छा होती. कापड बेतावं तसा मास्तरांनी ब्राउन पेपरवर जमिनीचा नकाशा बेतला. मधून एक अरुंद बोळ, दोन्ही बाजूंना प्लॉट, चिंधीभरही जागा वाया नाही. तो कागद गुंडाळून ते नगररचना कार्यालयात गेले.

तिथल्या बाई वयानं त्यांच्या धाकट्या मुलीएवढ्या. त्यांनी कागद पसरला, चारी कोपऱ्यांवर चार वजनं ठेवली आणि पेन्सिल घेतली.

"हा रस्ता फार अरुंद आहे. समोरासमोर दोन गाड्या आल्या तर एकीनं उडून जायचं का?" त्यांनी रेघ रुंद केली. "कोपऱ्यावरच्या प्लॉटची टोकं छाटायची, म्हणजे वळताना समोरचं दिसेल. दहावा हिस्सा मोकळी जागा. तिथे कुणीही काही बांधायचं नाही, तुम्हीसुद्धा."

मास्तरांचा चेहरा उतरला. "मॅडम, एवढं कापड मी वाया घालवलं तर गिऱ्हाईक मला दुकानात उभं करणार नाही."

"शिवणीत माया ठेवता ना तुम्ही?"

"ठेवतो की. उद्या माणूस अंगानं सुटला तर उसवून सैल करता येतं."

"गावही अंगानं सुटतं, मास्तर."

यावर मास्तर हसले. ही गोष्ट पुढे ते स्वतःच सगळ्यांना सांगायचे. पण बाईंची पेन्सिल थांबली नव्हती. मधला रस्ता त्यांनी ओढत ओढत थेट पलीकडच्या हद्दीला नेऊन भिडवला.

"तिथवर कशाला?" मास्तर म्हणाले. "पुढे त्याची नर्सरी आहे."

"आज नर्सरी आहे. उद्या तिथे घरं झाली तर त्या लोकांनी यायचं कुठून? रस्त्याला रस्ता जोडला गेला पाहिजे, असा नियमच आहे. नाहीतर प्रत्येक जण आपापली गढी करून बसेल."

"त्यांनी विमानानं यावं."

"विमानतळाची मंजुरी आमच्याकडे नसते," बाई म्हणाल्या आणि त्यांनी नकाशा दुरुस्तीसाठी परत दिला.

मास्तरांनी मुकाट्यानं सगळं मान्य केलं. मंजुरी मिळाली, रस्ता झाला, प्लॉट विकले गेले. आम्ही शेवटून दुसरा घेतला. आमच्या पलीकडचा, हद्दीला लागून असलेला अक्कांचा. आम्ही पाया खणत होतो, तेव्हाच मास्तरांनी गवंडी बोलावला. रस्त्याच्या टोकाला, हद्दीच्या फूटभर अलीकडे, त्यांनी आडवी भिंत घातली. पुरुषभर उंच, वर काचांचे तुकडे. बाकीच्या हद्दीला निवडुंगाचं दाट कुंपण आधीपासून होतंच. आम्ही विचारलं, हे काय? ते म्हणाले, "रस्ता हद्दीपर्यंत न्यायला सांगितला होता, नेला. शेवटचा फूटभर तुकडा माझा आहे. त्याच्यावरून त्यानं जाऊन दाखवावं."

नर्सरीवाल्यानं तक्रार केली. बाई जागेवर आल्या. त्यांनी भिंतीकडे पाहिलं, काचांकडे पाहिलं.

"मास्तर, हा तुकडा तुमचा नाही. रस्ताही तुमचा नाही. नकाशा मंजूर झाला त्या दिवशी तो सगळ्यांचा झाला."

"पाहतो," मास्तर म्हणाले. नोटीस आली, तेव्हाही ते "पाहतो" म्हणाले. भिंत पाडायला मशीन येणार असं कार्यालयानं कळवलं होतं, ते कुठल्यातरी दुसऱ्याच भिंतीकडे गेलं असावं. भिंत राहिली. आम्हा गल्लीकरांना तरी काय, रहदारी नव्हती, पोरं खुशाल रस्त्यात खेळत होती. आम्हीही कुणी तोंड उघडलं नाही.

अक्का राहायला आल्या आणि आठवड्याभरात भिंतीपलीकडून आवाज आला, "एक्स्चेंज! अगं एक्स्चेंज, तूच ना गं ती?"

नर्सरीवाल्याची बायको. अक्कांना नोकरी लागल्यापासून ती त्यांना याच नावानं हाक मारायची. शाळेत दोघी एका बाकावर बसायच्या. एकीचं लग्न होऊन ती नेमकी त्या घरात गेली, दुसरी नोकरीनिमित्त गावोगाव फिरली, आणि मधल्या भांडणामुळे पत्रसुद्धा बंद झालं. आता म्हातारपणी दोघी पुन्हा शेजारी आल्या, तर मध्ये भिंत. अक्कांनी स्टूल आणलं, पलीकडे रोपांचं रिकामं खोकं पालथं पडलं, आणि भिंतीवर दोन पांढरी डोकी दिसायला लागली. अक्कांनी पक्कड घेऊन आपल्या हातानं हातभर जागेतल्या काचा काढल्या होत्या. तिथे कोपर टेकून दोघी बोलायच्या. शाळेतल्या मास्तरमंडळींपासून आमच्या मास्तरांपर्यंत सगळ्यांची तिथे उजळणी व्हायची. अक्कांचा आवाज एक्स्चेंजमध्ये तयार झालेला, त्यामुळे आम्हाला काही चुकवायची सोयच नव्हती. मास्तर येता-जाता पाहायचे आणि न पाहिल्यासारखं करायचे. त्यांनी कधी हटकलं नाही, एवढं मात्र खरं.

एका सकाळी अक्का स्टुलावर चढल्या आणि पलीकडे कुणी नव्हतं. त्यांनी हाका मारल्या. दुसऱ्या दिवशीही तेच. मग भिंतीपलीकडून नर्सरीवाल्याचा स्वतःचा आवाज आला. "अक्का, तिला झटका आला. उजवी बाजू गेली. बोलता येत नाही."

ती इस्पितळातून घरी आल्याचं कळलं, तशी अक्कांनी काठी घेतली. आमच्या खिडकीतून तिच्या घराची कौलं दिसतात. पण तिथे जायचं म्हणजे आधी गल्ली उलटी चालून मोठ्या रस्त्याला लागायचं, पेट्रोल पंप ओलांडायचा, नाल्यावरचा पूल, मग गोदामांची लांबच लांब भिंत, आणि तिला वळसा घातला की नर्सरीचं फाटक. अक्कांचे गुडघे दुखरे. आम्ही म्हटलं, रिक्षा बोलावू? त्या म्हणाल्या, "शेजारी जायला कुणी रिक्षा करतं का?" त्या रोज जाऊ लागल्या. सकाळी निघायच्या, उन्हं तापल्यावर परत यायच्या. मैत्रिणीचा उजवा हात आपल्या मांडीवर घेऊन एक-एक बोट उघडायच्या, मिटायच्या. भावाला त्यांनी यातलं काही सांगितलं नाही. आम्हालाही सांगू दिलं नाही.

एक दिवस मास्तर अस्तर आणि बटणं आणायला स्कूटरवरून निघाले होते. नाल्याच्या पुलाच्या कठड्यावर त्यांना बहीण बसलेली दिसली. काठी बाजूला, पदरानं वारा घेत होती. चेहरा लालबुंद.

"अक्का! इथं काय करतेस? कुठं निघालीस?"

"शेजारी."

मास्तरांना क्षणभर कळलंच नाही. कळलं तेव्हा त्यांनी स्कूटर बंद केली.

"बस मागं. सोडतो तुला."

"नको. तू मला या वाटेनं जायला लावलंयस, तर मी चालतच जाणार."

"अक्का, बाबांचं तू पाहिलं नाहीस. तू इथं नव्हतीस. ते शेवटपर्यंत त्या दगडाचं विचारत होते."

"माहीत आहे मला. मला फोनवर विचारायचे, तेव्हा मीही 'आला' म्हणूनच सांगायची." त्या काठी धरून उठल्या. "पण तिनं कुठला दगड सरकवला रे? आणि मी कुठला?"

त्या चालू लागल्या. मास्तर स्कूटर ढकलत त्यांच्या मागून नर्सरीच्या फाटकापर्यंत गेले. आत गेले नाहीत. अक्का बाहेर येईपर्यंत फाटकाशी उभे राहिले आणि तसेच, स्कूटर ढकलत, त्यांच्या मागून परत आले. त्या दिवशी अस्तर आलं नाही. दुकानही उघडलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते नगररचना कार्यालयात हजर झाले. बाईंना म्हणाले, "मॅडम, ती भिंत पाडायची आहे. परवानगीचा अर्ज कुणाकडे द्यायचा?"

बाईंनी चष्मा काढला. "मास्तर, पाडायला परवानगी लागत नाही. बांधायला लागत होती."

भिंत त्याच गवंड्यानं पाडली. मास्तर स्वतः विटा उचलत होते, आम्हीही लागलो हाताखाली. भगदाड पडलं तसा पलीकडे नर्सरीवाला दिसला, हातात पाण्याचा पाइप, पाणी नुसतंच मातीत चाललेलं. तोही मास्तरांसारखाच म्हातारा. मग पाइप खाली टाकून त्यानं मध्ये येणाऱ्या कुंड्या एकेक करून बाजूला ठेवायला सुरुवात केली. वाट मोकळी झाल्यावर अक्का कुणाकडेही न बघता त्यातून चालत गेल्या.

मास्तर अजून विटांपाशीच उभे होते. नर्सरीवाला म्हणाला, "दगड आमच्या बापानं सरकवला नव्हता."

"सरकवला होता."

"तुझ्याच बापानं हलवला असेल, बांध घालताना."

"तोंड सांभाळून बोल."

"बरं. चहा घेणार का?"

"घेईन," मास्तर म्हणाले. "पण सरकवला होता."

यानंतर दोघांचं जमलं, असं मात्र समजू नका. अजूनही ते दगडावरून भांडतात. फरक एवढाच की आता समोरासमोर बसून भांडतात, आणि एक आला नाही तर दुसरा चौकशी करतो.

अक्कांच्या मैत्रिणीचा उजवा हात वर होत नव्हता, म्हणून अंगात कपडा घालताना तिला फार त्रास व्हायचा. मास्तरांनी पुढून पूर्ण उघडणारे, खांद्यावरही बटणं असलेले तीन सैल झगे शिवले. माप अक्कांनी टेप नेऊन आणलं. झगे द्यायला मात्र ते स्वतः गेले, आणि पहिल्यांदाच त्या घराचा उंबरठा ओलांडला. तिनं डाव्या हातानं बटणं चाचपली, एक काढून लावून पाहिलं. बोलता येत नव्हतं, पण तिनं मास्तरांचा हात धरून ठेवला. मास्तर अवघडून उभे राहिले. मग मोकळ्या हातानं त्यांनी झग्यांची बटणं पुन्हा एकेक ओढून पाहिली.

वर्ष सरत आलं तेव्हा ती चालायला लागली. सकाळच्या उन्हात नवऱ्याच्या आधारानं, एक पाय ओढत, रस्त्याच्या मधोमध. मागून आलेल्या टेम्पोवाल्यानं हॉर्न दिला, तर मास्तरांनी दुकानातून धावत येऊन त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. अक्कांच्या दारापर्यंत यायला तिला बराच वेळ लागला. पायरीवर बसून तिनं दम घेतला, जीभ जुळवली आणि एकेक शब्द काढत म्हणाली, "केवढ्या... लांब... राहतेस गं."

अक्का आत चहा टाकायला गेल्या. आमच्या घरापर्यंत त्यांच्या हसण्याचा आवाज येत होता.