घर धारवाडला, किल्ली ठाकूरद्वारला

आमच्या घरात लोणच्याच्या बरण्या चार, आणि धारवाडच्या घराच्या गोष्टी चाळीस! बरणीला निदान तळ लागतो. गोष्टी मात्र पत्रागणिक वाढतात. दुपारी बायका तांदूळ निवडायला गॅलरीत बसल्या की कुणीतरी हटकून विचारतंच, "काय गं सिंधू, मास्तरांनी सोडलं का घर?" मग बेबीला मांडीवर थोपटत मला सुरुवात करावीच लागते.

घोळ नको म्हणून आधी एवढं सांगते. माझे सासरे धारवाडला कचेरीत कारकून होते. तिथे त्यांनी तीन खोल्यांचं कौलारू घर बांधलं. परसात विहीर, विहिरीशेजारी आंबा. ते गेल्यावर सासूबाई लहानग्या ह्यांना घेऊन मुंबईला भावाकडे आल्या, आणि घरात भाडेकरू ठेवला. गुंडप्पा मास्तर, प्राथमिक शाळेतले. इथे ठाकूरद्वारला आमची एक खोली, तीही भाड्याची. म्हणजे आम्ही तिकडचे मालक आणि इकडचे भाडेकरू. दोन्हीकडून मार!

* * *

राज्यांची वाटणी झाली तेव्हाची गोष्ट. ह्यांनी पेपर वाचून दाखवला, धारवाड आता मैसूर राज्यात गेलं म्हणून. सासूबाई म्हणाल्या, "न विचारता?"

"कुणाला विचारायचं होतं, आई?"

"मला! घर माझ्या नावावर व्हायचंय अजून!"

त्याच आठवड्यात आमच्या वाडीत संयुक्त महाराष्ट्राची बायकांची सभा होती. बोलणाऱ्या बाई आवेशाने म्हणाल्या, "बेळगाव आमचं आहे! कारवार आमचं आहे!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सासूबाई उठल्या. मी पदर ओढला, पण त्या कसल्या ऐकतात!

"अहो बाई, बेळगाव घेताच आहात, तर जरा पुढे धारवाडपर्यंत या की. जास्त नको. आमच्या घरापर्यंत."

बाई चांगल्या होत्या. म्हणाल्या, "आजी, धारवाडला सगळे कानडीच बोलतात हो."

"मग मी काय बोलते? पण परसात विहीर आहे. रेघ तिच्या पलीकडून न्या, म्हणजे झालं!"

* * *

सासूबाई कानडी बोलतात झकास, पण वाचता येत नाही. ह्यांना फक्त आकडे येतात, तेही दहापर्यंत. मला मराठी सातवी पास म्हणून सगळी पत्रं लिहायला बसवतात. त्यामुळे एक दिवस घरपट्टीचा कानडी कागद आला तेव्हा आम्ही तिघंही त्याच्याकडे साप बघावा तसे बघत राहिलो.

नाक्यावरच्या उडप्याच्या हॉटेलात गल्ल्यावर अण्णा बसतात. त्यांना वाचता येतं. पण सासूबाई हॉटेलाची पायरी चढणार नाहीत. बाहेरचं पाणीसुद्धा त्यांना चालत नाही. म्हणून त्या फुटपाथवर उभ्या, आणि अण्णा आतून, तीन टेबलांपलीकडून, मोठ्यांदा वाचतायत! लोक इडली खायचे थांबले.

कागद निघाला सासऱ्यांच्या नावावर. घरावर नाव बदलायचं राहून गेलं होतं. अण्णांनी शेवटची ओळ मराठीत करून सांगितली, "कर्त्या मालकाने आठ दिवसांत जातीने कचेरीत हजर व्हावे!"

सासरे जाऊन वीस वर्षं झाली होती.

सासूबाई फुटपाथवरूनच ओरडल्या, "अण्णा, लिहून टाका त्यांना! हे हजर झाले तर मला तार करा म्हणावं, मलाही भेटायचंय!"

नाव मग माझ्या पत्रांनी बदललं. पण हॉटेलात अब्रू गेली ती गेलीच. तेव्हापासून ठरलं, कानडी कागद आला की तो तसाच पाकिटात घालून मास्तरांना पाठवायचा. ते मराठीत करून परत पाठवत. अक्षर कसं, मोत्याच्या दाण्यासारखं!

* * *

आता माझी चूक सांगते. मास्तरांना काढायचं टुमणं मीच लावलं. बेबी तेव्हा नऊ महिन्यांची. गिरगावात आज मोर्चा, उद्या अश्रुधूर. धूर आमच्या गॅलरीपर्यंत यायचा. बेबी खोकली की माझा जीव उडायचा. डॉक्टर म्हणाले हवापालट बरा. मला रात्रंदिवस वाटायला लागलं, तिकडे आपलं हक्काचं घर आहे आणि आपण इथे ओले पदर तोंडावर धरून बसतोय!

तळमजल्यावर वकीलकाका राहतात. त्यांच्याकडे गेलो. ते पान जुळवत म्हणाले, "भाडेकरू असा उठत नाही. कायदा त्याच्या बाजूचा आहे."

हे चिडले. "असला कसला कायदा? मालकाला घर नाही आणि भाडेकरू मजेत?"

"हाच तो कायदा," काका म्हणाले, "ज्याच्या जोरावर तुम्ही या वाडीत मजेत आहात!"

पण मी रडवेली झालेली बघून काकांनी धारवाडच्या एका वकिलांना कागद धाडले. फिर्याद लागली. महिन्याभराने तिकडून एक कानडी कागद आला. आम्ही काय केलं असेल? नेहमीच्या सवयीने पाकिटात घातला आणि मास्तरांना पाठवून दिला!

चौथ्या दिवशी उत्तर. तेच मोत्यासारखं अक्षर.

"सौ. वहिनींना नमस्कार. हा कागद तुम्ही माझ्यावर लावलेल्या फिर्यादीचा आहे. तारीख पुढल्या महिन्यात पाचवी. इकडे थंडी पडली आहे, बाळाला कानटोपी आणावी. उतरायला घरीच यावे."

* * *

तर आम्ही घरीच उतरलो! दुसरीकडे कुठे उतरणार? घर आमचंच.

आगगाडीत मी बेबीच्या कपाळाला दर स्टेशनाला हात लावत होते. दारात मास्तर उभे. काळी टोपी, हातात कंदील. "या की अक्का, या की वहिनी, पाणी काढून ठेवलंय बघा." मास्तरीणबाईंनी बेबीला माझ्याकडून काढून घेतलं ते तीन दिवस परत दिलं नाही. ओव्याचा शेक, कसलासा काढा. खोकला पळाला. मला मेलीला लाज वाटून जेवण जाईना.

तारखेला हे आणि मास्तर एकाच टांग्यात बसून कोर्टात गेले. वाटेत मास्तरांनी ह्यांना बजावलं, "वकील काही विचारला तर घाबरू नका हं. खरं तेच सांगा."

ह्यांनी सांगितलं! मास्तरांच्या वकिलांनी विचारलं, "धारवाडला आलात की उतरता कुठे?"

"ह्या मास्तरांकडेच."

"जागेची अडचण होते?"

"छे! ऐसपैस आहे."

"जेवणाखाण्याचे हाल?"

"हाल कसले? काल भाकरी आणि एणगायी केली होती मास्तरीणबाईंनी, भरल्या वांग्याची. तसली वांगी मी जन्मात खाल्ली नाहीत!"

वरून न्यायाधीश साहेबांनी नुसतं विचारलं, "मग तुम्हाला गरज कसली आहे?" आणि कागदावर काहीतरी लिहून तो बाजूला ठेवला.

परत येताना मास्तरच रडकुंडीला आले होते. "इतकं खरं सांगायचं नव्हतं हो!"

* * *

मुंबईला परत आलो तर दारात मेहताजी. आमच्या वाडीच्या मालकांचे मेहताजी, भाडं गोळा करणारे. तोंड साखरेचं, पण खोली रिकामी करायची म्हटली की हा माणूस माणसाच्या सावलीवर डोळा ठेवतो. आमची खोली रस्त्याकडची. मालकांना ती कधीची हवी होती.

"काय वहिनी, गावाला गेला होतात म्हणे. धारवाडला मोठं घर आहे म्हणे तुमचं?"

"आहे की! विहीर आहे, आंबा आहे," मी फुशारकीने बोलून गेले.

मेहताजींनी वहीत काहीतरी टिपलं. मी तशीच वकीलकाकांकडे धावत गेले. काकांनी कपाळावर हात मारला.

"अगं वेडे! भाडेकरूला दुसरीकडे राहायला रिकामं घर मिळालं, की इथली खोली सोड म्हणून मालक कोर्टात जाऊ शकतो. धारवाडची केस हरलात ते नशीब समजा! तुझ्या नवऱ्याची नोकरी इथे, तुम्ही तिकडे जाऊन खाणार काय? तो मास्तर तिथे आहे तोवर तुम्ही इथे आहात. मास्तर उठला की तुम्ही उठलात!"

त्या संध्याकाळपासून आमच्या घरातला देवच फिरला. आजवर सासूबाई दिवा लावताना म्हणायच्या, "देवा, मास्तरला सुबुद्धी दे, घर सोडू दे." आता म्हणायला लागल्या, "देवा, मास्तरला शंभर वर्षं आयुष्य दे, आणि तिथल्या तिथेच दे!" दिवाळीला मास्तरांना च्यवनप्राशची बरणीसुद्धा धाडली.

मास्तरांचं सासूबाईंना पत्र आलं: "अक्का, तब्येत ठीक आहे. फिर्याद पुन्हा लावायची असल्यास कळवावे. वांगी आली आहेत."

* * *

पुढच्याच वर्षी मास्तर निवृत्त झाले. आम्हाला पत्ताच नाही! एक दिवस पार्सल आलं. आत धारवाडी पेढ्यांचा पत्र्याचा डबा. वर चिठ्ठी: "गावी लहानसे घर बांधले. तुमची वास्तू रिकामी केली आहे. इतके दिवस बाळाला हवापालट मिळाला नाही, त्याची चुटपुट लागून होती. पेढ्यांच्या खाली पाहावे."

पेढ्यांच्या खाली किल्ली!

ज्या किल्लीसाठी मी कोर्टापर्यंत गेले, ती हातात आली आणि मी आधी दार लावून घेतलं. हे म्हणाले, "कुणाला बोलू नका." पेढे संपले, किल्ली डब्यातच राहिली. बेबीला तो डबा फार आवडला. हलवला की खणखण वाजायचा. दुसरं काही दिलं तर भोकाड पसरायची.

आणि त्याच सुमाराला मेहताजी जिन्यात भेटले. "वहिनी, सोमवारी हुबळीला जातोय, मालकांच्या कामाला. धारवाड वाटेतच. म्हटलं तुमचं घर बघून यावं. आंबा कसा आहे, विहीर कशी आहे!"

हसले, आणि वही खिशात ठेवली.

मला झोप नाही. बेबीला घेऊन या खोलीतून कुठे जायचं? शेवटी कुणाला न विचारता मी मास्तरांना त्यांच्या गावी पत्र लिहिलं. तीनदा फाडलं. "मास्तर, जन्मभर तुम्हाला काढायला निघालो होतो, आता राहा म्हणून कुठल्या तोंडाने सांगू? मेहताजी सोमवारी निघतायत." एवढंच लिहून पेटीत टाकलं. उत्तर आलं नाही.

आठ दिवसांनी मेहताजी आले. चढून दम लागला होता. आले ते थेट पाटावर बसले. मी भिंतीला टेकून उभी. बेबी मध्येच फतकल मारून बसलेली.

"वहिनी, पाणी द्या. काय माणूस आहे हो तुमचा भाडेकरू!"

सासूबाईंनी जपमाळ खाली ठेवली. "कोण?"

"तो मास्तर! ओट्यावर आरामखुर्ची टाकून बसलेला. म्हटलं, घर सोडलंत असं ऐकलं. तर काठी घेऊन अंगावर धावून आला! म्हणाला, सोडतोय कोण? या जन्मात सोडणार नाही, पुढच्या जन्मीही इथेच येणार, सांगा जाऊन त्या म्हातारीला! तुम्हाला नाही नाही ते बोलला हो आजी. आणि घरात सामान म्हणाल तर एक खुर्ची, एक स्टोव्ह! बायको तेवढ्यावर चहा करत होती. दाराचं कुलूप फोडलेलं. असं राहतात का माणसं?"

"भोग आहेत आमचे," सासूबाई डोळ्यांना पदर लावून म्हणाल्या.

"जन्मात तुम्हाला ते घर मिळायचं नाही, लिहून ठेवा! मालकांनाही तेच सांगितलं मी. राहू दे म्हटलं गरीब बिचाऱ्यांना इथेच."

बेबीने एवढ्यात हात पुढे करून भोकाड पसरलं. डबा घरंगळत मेहताजींच्या पायाशी गेला होता. मी पुढे होईपर्यंत त्यांनी तो उचलला आणि तिच्यापुढे खणखण वाजवायला लागले. बेबी हसली.

"अरे वा! खुळखुळा का? कुणी दिला गं?"

"मास्तरांनीच पाठवला," सासूबाई म्हणाल्या.

"त्या माणसाने?" मेहताजींनी डबा कानाशी नेऊन पुन्हा हलवला. "बाकी आवाज छान येतो हं!"